लोकप्रिय वामनराव लाखे : परमुलखातील एक मराठी वकील

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मरोदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त एखाद्या थोर मराठी पुरुषाच्या चरित्रावर बोलावे, अशी सूचना आपल्या चिटणिसांनी केली तेव्हा आम्हांपुढे विषयांची वाण नव्हती. शिवछत्रपती, समर्थ, लोकमान्य यांच्यावर आपण दर वर्षी ऐकतो आणि ऐकत राहावे असेच ते विषय आहेत. तथापि आज आम्ही हेतुपुरस्सर असा पुरुष निवडला आहे की, ज्याचे नाव पुण्यात किंवा नाशकात फारसे कोणास ठाऊक नसेल. पण येथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या रायपुरात एक संपूर्ण वस्ती त्याच्या नावाने ओळखली जाते. रायपूरच्या लाखेनगरातून आपल्यापैकी अनेक जण शेकडो वेळा गेले असतील. हे ‘लाखे’ कोण, असा प्रश्न त्या वेळी किती जणांच्या मनात आला असेल? रिक्षावाल्याला आपण ‘लाखेनगर चलो’ म्हणतो, भाडे ठरवितो आणि विसरून जातो. त्या विस्मरणातून एक चरित्र आज आपल्यासमोर आणावे, एवढाच आमचा अल्पसा प्रयत्न आहे.

वामन बळीराम लाखे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपूर येथे झाला. ‘रायपूर येथे’ हे शब्द आम्ही मुद्दाम जरा सावकाश उच्चारीत आहोत. ते येथे बदलीवर आले नव्हते, कारखान्यातील नोकरीसाठी आले नव्हते, की चार पैसे गाठीस बांधून परत जाण्याच्या इराद्यानेही आले नव्हते. त्यांची मातृभाषा मराठी आणि जन्मभूमी छत्तीसगढ. आपल्या घरांतील जी मुले येथल्या इस्पितळात जन्मली, येथल्या शाळांत शिकली आणि मैदानावर छत्तीसगढी बोलत वाढली, त्यांचेही असेच आहे. तेव्हा हे चरित्र आपल्यापेक्षा आपल्या मुलांच्या अधिक जवळचे आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

मराठी माणूस या मुलखात कसा आला, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी छत्तीसगढावर झाली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून राज्य केले. १७८७ मध्ये त्यांचा अंत झाल्यावर सुभ्यांचा कारभार आला आणि नागपूरच्या खजिन्यात भर टाकणे हेच त्या कारभाराचे मुख्य उद्दिष्ट होऊन बसले. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्यानंतर १९५६ पर्यंत, म्हणजे तब्बल ९५ वर्षे, रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदली. या काळात येथे आलेला मराठी माणूस तलवार घेऊन आला नाही. तो लेखणी घेऊन आला. शिक्षक, कारकून, मामलेदार, स्टेशनमास्तर आणि वकील अशी त्याची रूपे होती. एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. सुभेदाराची आठवण कोणताही मुलूख प्रेमाने काढीत नाही. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने मराठी माणसाला आपले म्हणावे, यासाठी भोसल्यांच्या नावाचा फारसा उपयोग नव्हता. ते नाते नव्याने जोडावे लागणार होते. वामनराव लाखे यांच्या आयुष्याचा खरा अर्थ येथे आहे, असे आम्हांस वाटते.

वामनरावांचे वडील बळीरामपंत गरिबीतून कष्टाने वर आलेले गृहस्थ होते. मुलाने शिकावे ही त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. त्या काळात शिकण्याचा अर्थ बहुधा दोनच ठिकाणी जाऊन पोहोचत असे : सरकारी कचेरीत किंवा कोर्टात. वामनरावांच्या वाट्यास मात्र प्रथम एक तिसरीच गोष्ट आली. ती म्हणजे माधवराव सप्रे यांची मैत्री.

माधवराव सप्रे हे नाव हिंदीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते आणि मराठीच्या विद्यार्थ्यास बहुधा ठाऊक नसते, हे आपले दुर्दैव होय. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी जन्मलेला हा मराठी गृहस्थ हिंदी गद्याच्या शिल्पकारांत गणला जातो. पुढे त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ हिंदीत नेले. बिलासपूरकडील पेंड्रा जमीनदारीत राजकुमारास शिकविण्याचे काम करीत असताना एक हिंदी मासिक काढावे, असे सप्र्यांच्या मनाने घेतले. संपादनास ते स्वतः आणि रामराव चिंचोलकर असे दोघे पदवीधर सिद्ध झाले. राहता राहिला प्रश्न पैशाचा आणि व्यवस्थेचा. ती जबाबदारी वामनराव लाखे यांनी घेतली. जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे प्रकाशक व मालक वामन बळीराम लाखे. छत्तीसगढच्या पत्रकारितेचा आरंभ सर्वसाधारणपणे याच मासिकापासून मानतात.

श्रोतेहो, त्या वर्षाकडे क्षणभर पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळाने या प्रांताचे कंबरडे मोडले होते. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. धानाच्या या कोठारात धान नव्हते. अशा वर्षी तीन मराठी तरुणांनी मासिक काढले, आणि तेही मराठीत नव्हे, हिंदीत! आज कोणी म्हणेल की, त्यांना मातृभाषेचा अभिमान नव्हता. आमचे मत नेमके उलट आहे. ज्याला आपल्या भाषेचे मोल कळते, त्यालाच शेजाऱ्याच्या भाषेतील उणीव जाणवते. महाराष्ट्रात ‘केसरी’ने, निबंधमालेने आणि मासिकांनी काय घडविले हे त्यांनी पाहिले होते. ते येथल्या लोकांसाठी येथल्या लोकांना कळणाऱ्या भाषेत घडावे, असे त्यांना वाटले. मराठीतील उत्तम ते हिंदीस देणे, हा मराठीचा गौरवच होता.

याच मासिकात एप्रिल १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचे नाव आवर्जून घेतले जाते. कथा दीडदोन पानांचीच आहे. एका श्रीमंत जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. जमीनदार वकिलांना पैसा चारून न्यायालयामार्फत झोपडीचा कबजा मिळवितो. पुढे ती म्हातारी नातीसाठी चूल घालावी म्हणून त्या झोपडीतली टोपलीभर माती मागावयास येते आणि टोपली उचलण्यास जरा हात लावावा, अशी त्यालाच विनंती करते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा ती म्हणते की, एका टोपलीचा भार तुम्हांला पेलवत नाही, मग या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

आता यातील गंमत पाहा. ज्या कथेत झोपडी हिरावून घेण्याचे हत्यार म्हणून वकील आला आहे, ती कथा छापणाऱ्या मासिकाचे मालक स्वतः पुढे वकील झाले. १९०२ अखेर ‘छत्तीसगढ मित्र’ आर्थिक तोट्यामुळे बंद पडले. त्यानंतर वामनरावांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला आणि १९०४ च्या सुमारास रायपुरात वकिली सुरू केली. त्या कथेचा त्यांच्या मनावर किती परिणाम झाला, हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्यांची पुढली चाळीस वर्षे पाहिली म्हणजे त्या म्हातारीची टोपली त्यांनी कधी नजरेआड होऊ दिली नाही, असेच म्हणावे लागते.

तो काळच वकिलांचा होता. अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ साली बांकीपूर येथे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच वकील. आपल्या दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त वकील होते. १९३७ पासून १९५२ पर्यंत ते प्रांतिक विधानसभेचे अध्यक्ष होते आणि भारतीय राज्यघटनेचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय दुर्गला आहे आणि जेथे आपली कितीतरी मुले शिकली, ते विश्वनाथ यादव तामस्कर हेही मराठी वकीलच. १९६७ साली दुर्गमधून ते लोकसभेवर निवडून गेले. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच दिसते. अब्राहम लिंकन १८३४ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि १८३६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. नव्याने घडणाऱ्या समाजात कायदा जाणणारा माणूस पुढारी होतो, याचे कारण उघड आहे. लोकांना बोलावयाचे असते आणि सरकारला समजेल अशा भाषेत बोलणारा तेवढा तोच असतो. प्रश्न एवढाच की, तो लोकांचे म्हणणे सरकारला सांगतो की सरकारचे म्हणणे लोकांना.

वामनरावांनी वकिली करता करता जे पाहिले, ते त्या वेळच्या प्रत्येक वकिलाने पाहिले होते. छत्तीसगढचा शेतकरी पावसाच्या एका पिकावर जगणारा. आषाढात बी आणि बैल यांसाठी पैसा हवा, आणि तो असे एका सावकाराकडेच. व्याज चढत जाई, खत लिहिले जाई, अंगठा उठे आणि एके दिवशी दावा दाखल होई. दाव्यात सावकाराचा वकील आणि शेतकऱ्याचा वकील अशा दोघांचीही फी शेवटी शेतकऱ्याच्याच धानातून निघे. कर्जाचे दावे ही कोर्टाभोवतालच्या साऱ्या मंडळींची दुभती गाय होती.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि १९१२ च्या नव्या कायद्याने मध्यवर्ती बँका स्थापण्याची वाट मोकळी झाली. वामनरावांनी ही वाट ताबडतोब ओळखली. १९१३ मध्ये रायपूर येथे सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि ते तिचे मानद चिटणीस झाले. या बँकेची घडण समजावून घेण्यासारखी आहे. गावातील दहा-वीस शेतकरी एकत्र येऊन सोसायटी काढीत. एकाने कर्ज बुडविले तर त्याचा भार साऱ्यांवर, असा त्या काळचा नियम. त्यामुळे कोण नेकीचा आणि कोण उधळ्या, हे गावच पारखून घेई. अशा अनेक सोसायट्यांना पैसा पुरविणारी मध्यवर्ती बँक शहरात. आणि बँकेकडे पैसा कोठून येणार? शहरातील पांढरपेशांच्या ठेवींतून. म्हणजे निवृत्त मामलेदाराची, मास्तरांची, विधवा बाईची शिल्लक अशी आषाढातल्या नांगरापर्यंत जाऊन पोहोचे आणि माघात परत येई. यात सारी मदार विश्वासावर. खेड्यातल्याने शहरवाल्यावर आणि शहरवाल्याने खेड्यातल्यावर विश्वास ठेवावयाचा, तर मध्ये असा एक माणूस हवा की ज्याच्या शब्दाला दोन्हीकडे किंमत आहे. रायपुरात तो माणूस वामनराव लाखे हा होता. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी हे चिटणीसपद बिनपगारी सांभाळले आणि पुढे काही वर्षे ते बँकेचे अध्यक्षही होते.

कर्जाच्या दाव्यांवर ज्या व्यवसायाचे पोट चालते, त्या व्यवसायातील माणसाने दावेच कमी व्हावेत अशी संस्था काढणे, म्हणजे आपण बसलेल्या फांदीवर आपणच कुऱ्हाड चालविणे होय. वामनरावांनी ती हसतमुखाने चालविली. महाराष्ट्रात सहकाराचे नाव निघाले की आपण वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ आणि प्रवरानगर यांचे स्मरण करतो. ते उचितच आहे. परंतु प्रवरेच्या कारखान्याच्या कितीतरी वर्षे आधी रायपुरात एक मराठी वकील छत्तीसगढी शेतकऱ्याच्या सोसायट्यांचे हिशेब तपाशीत बसला होता, हेही आपण विसरता कामा नये. आज या राज्यात हिवाळ्यात सरकारी भावाने जी धानखरेदी होते, ती गावोगावच्या सहकारी सोसायट्यांच्या केंद्रांवर होते आणि तिचे पैसे शेतकऱ्याच्या हाती जातात ते सहकारी मध्यवर्ती बँकांमार्फत. मरोद्याच्या पलीकडे दोन-चार मैल गेले की त्या दिवसांत धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली दिसते. त्या रांगेतल्या माणसाला लाखे हे नाव ठाऊक असो वा नसो, ज्या रस्त्यावर तो उभा आहे त्याची पहिली खडी कोणी घातली हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

सरकार अशा माणसाची दखल घेते, आणि कशी घेते हे आम्हा सरकारी नोकरांना चांगले माहीत आहे. १९१६ मध्ये वामनरावांना ‘रायसाहेब’ हा किताब मिळाला. आज आपणांस त्याचे महत्त्व वाटणार नाही. पण त्या काळी किताबवाल्याला दरबारात खुर्ची असे, साहेब त्याला नावाने ओळखी आणि त्याच्या मुलांच्या नोकऱ्यांची चिंता मिटे. नेमक्या याच सुमारास वामनराव होमरूलच्या चळवळीतही काम करीत होते. एका हाती सरकारी किताब आणि दुसऱ्या हाती स्वराज्याची मागणी, अशी ही अवस्था होती. ती फार काळ टिकणारी नव्हती.

१९१९ मध्ये जालियनवाला बाग घडली. १९२० च्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. त्या कार्यक्रमातील एक कलम होते, सरकारी किताबांचा त्याग. वामनरावांनी आपला किताब परत केला. तेव्हा रायपूरच्या नागरिकांनी त्यांना आपल्या वतीने एक पदवी दिली : ‘लोकप्रिय’. सनद नाही, दरबार नाही, सरकारी राजपत्रात नोंद नाही. परंतु सरकारने दिलेले ‘रायसाहेब’ चार वर्षांत गळून पडले आणि लोकांनी दिलेले ‘लोकप्रिय’ मात्र मरेपर्यंत त्यांच्या नावामागे लागून राहिले.

येथे आम्हांस एका दुसऱ्या मराठी वकिलाची आठवण होते. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे पुढारी आणि प्रांतिक कौन्सिलचे अध्यक्ष होते. १९२५ साली त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. पक्षात वादळ उठले. त्यातूनच पुढे प्रतियोगी सहकारितेचा पक्ष निराळा झाला. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही होते. त्यांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. सरकारात शिरून काही चांगले करता येते, या विश्वासावर तर आम्हीही तीस वर्षांहून अधिक काळ फायली लिहीत आलो. तेव्हा आत राहून काम करणाऱ्याला हिणवण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र दोन चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वामनरावांनी किताब सोडला, पण बँक सोडली नाही. वस्तुतः बँकही सरकारी कायद्याखालीच नोंदलेली होती, सरकारी निबंधकाच्या देखरेखीखाली होती. कोणी म्हणू शकला असता की, असहकार करावयाचा तर बँकेशीही करा. वामनरावांनी भेद केला. किताब हे सरकारचे देणे होते, म्हणून ते परत करता आले. बँक ही लोकांची ठेव होती. ठेव परत करावयाची असते ती ठेवीदाराला, सरकारला नव्हे. हा विवेक कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. तो माणसाजवळ असावा लागतो.

असहकाराच्या त्या दिवसांत छत्तीसगढ जागे होत होते. धमतरीजवळ कंडेल येथे कालव्याच्या पाणीपट्टीवरून १९२० साली सत्याग्रह झाला. त्यात पंडित सुंदरलाल शर्मा आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या खांद्याला खांदा लावून नारायणराव मेघावाले हे मराठी गृहस्थही उभे होते. राजनांदगावच्या गिरणीत ठाकूर प्यारेलालसिंह यांनी कामगारांचा संप लढविला. रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले आणि त्याच्या उभारणीत वामनरावांचा वाटा होता.

१९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोकांनी ‘पाच पांडव’ म्हणावयास सुरुवात केली. जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायणदास हे भीम, ठाकूर प्यारेलालसिंह हे अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ हे नकुल आणि शिवदास डागा हे सहदेव. आणि युधिष्ठिर? युधिष्ठिर म्हणजे वामनराव लाखे. एक मठाधिपती, एक ठाकूर, एक मौलाना, एक डागा, आणि या भावंडांत थोरला म्हणून लोकांनी मान दिला तो एका मराठी वकिलाला. तो मराठी आहे की हिंदी, येथला आहे की बाहेरचा, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचलाही नसावा. वामनरावांना त्या आंदोलनात एक वर्षाची सजा व दंड झाला. त्या वेळी त्यांचे वय ५८ होते, म्हणजे आमच्यासारखे लोक निवृत्तिवेतनाचे कागद जुळवू लागतात ते वय. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा तुरुंगात गेले. सत्तरीस टेकलेला हा वृद्ध नागपूरच्या तुरुंगात कसा राहिला असेल, याची कल्पना आपण करावी.

त्यांनी स्वातंत्र्य पाहिले. २१ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे झाल्यावर, ते निवर्तले. ज्या शहरात जन्मले, त्या शहराची सेवा करून ते गेले. मंत्रिपद नाही, गव्हर्नरी नाही. मागे राहिले ते एक बंद पडलेले मासिक, एक चालती बँक आणि एका वस्तीचे नाव.

श्रोतेहो, चरित्र संपले. आता या चरित्राचा आणि आपल्या मंडळाचा काय संबंध, हे सांगून आम्ही आपली रजा घेणार आहोत.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईत आली. त्यांत आपणही आलो. केरळी आले, बंगाली आले, तेलुगू आले, पंजाबी आले. प्रत्येकाने आपापले मंडळ काढले, आपापली पूजा मांडली. यात गैर काहीच नाही. परक्या मुलखात आपल्या भाषेचा चार घटका सहवास मिळावा, पोरांच्या कानावर आरती पडावी, गणपतीत एखादे नाटक बसवावे, ही भूक खरी आहे. आम्ही स्वतः आजवर तीन प्रांतांत बदल्यांवर राहिलो आणि प्रत्येक गावी पोहोचल्यावर रेशनकार्डाच्या आधी मराठी मंडळाचा पत्ता शोधला. या मंडळांनी आम्हांला एकटे पडू दिले नाही, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु आज आपल्यापुढे एक प्रश्न उभा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आपल्या निम्म्या सभासदांची मुले पुण्यास, बंगळूरला किंवा परदेशी गेली आहेत. निवृत्तीनंतर घर कोठे बांधावे, यावर घरोघरी वाद चालू आहेत. आमच्या घरीही तो चालू आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मन नागपूरकडे धावते आणि आमचे मन या मरोद्याच्या तलावाकाठी रेंगाळते. ‘येथे आपले आहे कोण?’ हा प्रश्न त्या वादात हटकून येतो. वामनरावांचे चरित्र वाचल्यापासून आम्हांस वाटू लागले आहे की, हा प्रश्नच उलटा मांडला गेला आहे. ‘येथे आपले कोण’ हे विचारण्यापूर्वी ‘आपण येथे कोणाचे’ हे विचारावयास हवे. पन्नास वर्षे आपण येथल्या तलावाचे पाणी प्यालो, येथल्या शेतातला तांदूळ खाल्ला. ज्यांच्या जमिनीवर हा कारखाना आणि ही नगरी उभी राहिली, त्या गावांतील माणसांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईचे गाव कोणते, तिच्या धाकट्या मुलाची शाळा कोणती, हे किती जणांनी विचारले आहे?

वामनरावांनी मराठी सोडली नाही आणि मराठीचे कुंपणही घातले नाही. मराठीत जे शिकले ते हिंदीत दिले. कोर्टात जे शिकले ते खेड्यात दिले. म्हणून त्यांना ‘येथे आपले कोण’ हे विचारावे लागले नाही. गावाने त्यांना युधिष्ठिर केले.

आमची मंडळास नम्र विनंती दोन गोष्टींची आहे. सुवर्णमहोत्सवासाठी जो निधी जमला आहे, त्याचा काही भाग मांडव आणि रोषणाईतून वाचवून एक लहानसा विद्यार्थीनिधी उभारावा. परीक्षेची फी, पुस्तके, वसतिगृहाचा पहिला हप्ता यांसाठी त्यातून बिनव्याजी उसने द्यावे, आणि ते देताना मुलाची भाषा विचारू नये. परत आलेला पैसा पुढल्या मुलाकडे जावा. ही कल्पना आमची नाही. १९१३ साली रायपुरात ती मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेली आहे. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या वाचनालयात एक कपाट छत्तीसगढच्या इतिहासाचे आणि साहित्याचे असावे, आणि त्यात सप्र्यांच्या लेखनाला पहिले स्थान असावे. आपल्या मुलांनी ‘एक टोकरी भर मिट्टी’ वाचावी आणि ती कोणी छापली हेही त्यांना ठाऊक असावे.

यातून फार मोठे काही घडेल असा दावा आम्ही करीत नाही. पतपेढीत पहिली ठेव ठेवणाऱ्यानेही तसा दावा केला नसेल. त्याने वामनरावांच्या शब्दावर चार रुपये ठेवले, एवढेच. आपल्या मंडळाच्या शब्दाला मरोद्यात तेवढी किंमत यावी, आणि शतकमहोत्सवी वर्षी येथे जे कोणी बोलावयास उभे राहतील, त्यांना मराठी माणूस येथे कोणाचा होता हे सांगताना अडखळावे लागू नये, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही येथेच थांबतो.